एअरब्रशसाठी स्वस्तातला कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

नवखा_ब्रश
०.३ मिमी नोझलचा, डबल ॲक्शन (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा) एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारणारा ब्रश, घेतला आहे. १/७२ मापाची मॉडेल विमानं रंगवायची आहेत, रंग ॲक्रिलिक. कॉम्प्रेसरवर ब्रशच्या किमतीपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, हे पक्कं. काम रात्रीच होणार आणि शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असतात. काय बघून घेऊ?

टाकीवाला
३ लिटर टाकीचा ऑइल-फ्री (तेल न लागणारा) पिस्टन कॉम्प्रेसर. बाकी कशाकडे बघू नका. १/६ हॉर्सपॉवर, मिनिटाला साधारण २० लिटर हवा. टाकीत दाब ४ बार झाला की मोटर आपोआप बंद, ३ बारला परत चालू. मोटरला विसावा मिळतो आणि पिस्टनचे धक्के ब्रशपर्यंत पोचत नाहीत. दोन महिने थांबा, पण हाच घ्या.

गॅरेजकर
२४ लिटरचा गॅरेज कॉम्प्रेसर घ्या, टायरमध्येही हवा भरता येते. त्याचा रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा) ८ बारच्या हिशोबाचा असतो, १ बारवर स्थिर राहत नाही. पुढे ०–४ बारचा दुसरा जोडायचा.

बारीक_रेघ
रात्रीचं काम आहे असं वर लिहिलंय, वाचा तरी! ऑइल-फ्री गॅरेज कॉम्प्रेसर सगळी इमारत उठवतो.

गॅरेजकर
मग संध्याकाळी भरून ठेवायचा. ८ बारपासून २ बारपर्यंत उतरताना १४४ लिटर हवा मिळते. ब्रशने मिनिटाला १२ लिटर घेतली तरी सलग १२ मिनिटं फवारणी, आणि सलग कोण मारतं?

जुना_फ्रिज
फ्रिजचा कॉम्प्रेसर. त्याच्याइतकं शांत काहीच नाही. तेल हवेबरोबर थोडं पुढे येतं, त्यासाठी ऑइल फिल्टर लावायचा.

टाकीवाला
आणि टाकी म्हणून मिळेल तो डबा लावायचा? सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच नसेल तर टाकी फुटू शकते. नवख्याला हे सुचवू नका.

प्रायमर
पाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. हवा दाबली की तापते, नळीत निवली की तिच्यातली वाफ पाणी होते. कॉम्प्रेसरला चिकटून असलेल्या ट्रॅपपाशी (हवेतलं पाणी अडवणारा भाग) हवा अजून गरमच असते, म्हणून बरीच वाफ तिथून तशीच निसटते आणि गुळगुळीत रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठतात. ३ मीटरची नळी घ्या आणि एक छोटा ट्रॅप ब्रशच्या अगदी खाली लावा. टाकी असेल तर काम संपल्यावर खालचा ड्रेन उघडा, नाहीतर आतून गंजते.
प्रेशर नेहमी ट्रिगर दाबून हवा सोडत असताना लावा. बंद ब्रशवर २० पीएसआय (बारसारखंच दाबाचं एकक) दाखवणारा काटा हवा सुटली की खाली येतो. ॲक्रिलिक दुधाइतपत पातळ केला तर १५ ते २० पुरे.

सुतळी
टाकीवाल्यांना +१. ३ लिटरचाच घ्या.

बारीक_रेघ
नळीचे आटे आधी तपासा. बहुतेकांना १/८ बीएसपी या मापाचे असतात, पण सगळ्यांना नाही; तुमचा ब्रश वेगळा निघाला तर अडॅप्टर लागेल. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. टाकीवाली मोटर काम नसताना मधूनच चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

नवखा_ब्रश
सगळ्यांचे आभार. तरी बिनटाकीचा छोटा पिस्टन घेतोय, रेग्युलेटर आणि ट्रॅप त्याच्यावरच आहेत. बजेटात तोच बसतो. धक्के कमी व्हावेत म्हणून ५ मीटरची नळी आणि खाली जाड फोम.

टाकीवाला
चूक करताय. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता.

प्रायमर
लांब नळीने धक्के बऱ्यापैकी मरतात, चालेल. ऑटो-स्टॉप (दाब भरला की मोटर आपोआप बंद होणं) आहे का ते मात्र बघून घ्या. नसेल तर ब्रश बंद असतानाही मोटर दाबाविरुद्ध चालत राहते आणि तापते; तेव्हा रंग बदलताना, ब्रश धुताना स्विच बंदच करायचा. पुन्हा चालू करण्याआधी ट्रिगर दाबून नळीतला दाब सोडा. दाब अडकलेला असला की मोटर नुसती घुमते, फिरत नाही.