जावातलं लॉक सुटतच नाही, सौद्यात सगळं हँग

हळद_कोडर, सांगली:
मंडळी, इथल्या एका हळदीच्या अडत्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर माझ्याकडं आलंय, आधीच्या पोरानं जावात लिहिलेलं. गोदाम नावाचा क्लास आहे, त्यात रीएन्ट्रंटलॉक (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकाच समांतर कामाला, आत सोडणारं कुलूप), पोती आत-बाहेर करताना लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं. एरवी मस्त पळतंय पण सौदे जोरात असले की एखादं गोदाम अडकतं, बाकीची चालू, सीपीयू निवांत, आणि गंमत म्हणजे मध्येच एखादी एन्ट्री होऊनही जाते. रीस्टार्ट केला की ठीक. अडत्या म्हणतोय नेट स्लो असेल.

कृष्णाकाठ:
नेटचा काय संबंध राव. मध्ये कुठंतरी एक्सेप्शन (चालता चालता येणारी एरर) येत असणार, वजनाचा रकाना रिकामा वगैरे, आणि अनलॉकची ओळ राहून जाते. सिंक्रोनाइज्ड ब्लॉक (जावाचं अंगचं लॉक) असता तर बाहेर पडताना आपोआप सुटलं असतं, हे हातानंच सोडावं लागतं. ती मधली एन्ट्री होते ना, तोच पुरावा. लॉक धरलेला थ्रेड पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या थ्रेडच्या साठ्यात, परत गेला, पुढची रिक्वेस्ट नेमकी त्याच्याकडं आली की त्याला परत आत जाता येतं, रीएन्ट्रंट आहे ना, बाकीचे ताटकळत. अनलॉक फायनलीत (ट्राय ब्लॉकच्या शेवटी एरर आली तरी चालतो तो भाग) टाक, आणि लॉक घ्यायची ओळ ट्रायच्या आधी, आत नको.

हळद_कोडर:
बरोबर, लॉगमध्ये नंबरफॉरमॅट एक्सेप्शन (मजकुराचा आकडा करता आला नाही) दिसतंय. पण वीसेक मेथडमध्ये फायनली लिहीत बसू? ट्राय-विथ-रिसोर्सेस (ब्लॉक संपला की क्लोज आपोआप बोलावणारा ट्राय) चालेल का?

मिरज_लोकल:
थेट नाही, रीएन्ट्रंटलॉक ऑटोक्लोजेबल नाहीये, त्याला क्लोज मेथडच नाही. छोटा रॅपर क्लास कर, क्लोजमध्ये अनलॉक. सी++ वाल्यांना २०११ पासून लॉक_गार्ड आयतं आहे, स्कोप संपला की डिस्ट्रक्टर सोडतो. मी तर म्हणतो लॉक प्रायव्हेटच ठेव, गोदामाला एकच मेथड दे जी लॅम्डा (करायच्या कामाचा छोटा कोड) घेते, लॉक लावते, चालवते, सोडते, मग बाहेरच्या कुणाला विसरायची सोयच नाही.
आणि एका गोदामातून दुसऱ्यात पोती हलवताना दोन लॉक लागत असतील तर कायम लहान आयडीचं आधी घे. एक जण अ-ब आणि दुसरा ब-अ करायला लागला की डेडलॉक, दोघंही एकमेकांसाठी कायमचे अडून बसतात, तिथं फायनली काही करू शकत नाही. तसं झालंच तर जेस्टॅक (जावासोबत येणारी थ्रेडची स्थिती दाखवणारी कमांड) मारून बघ, कोण कुणासाठी अडलाय ते सरळ छापून देतं.

कृष्णाकाठ:
+१. फक्त उद्या दुसरा सर्व्हर लावलास तर हे लॉक उपयोगाचं नाही, ते एका जेव्हीएमपुरतंच (जावाचा चालू असलेला एक प्रोग्राम). तेव्हा डेटाबेसमध्ये सिलेक्ट फॉर अपडेट, म्हणजे ती नोंदच डेटाबेस लॉक करून ठेवतो.