मदत हवी आहे: जॉर्जियात वॉलआय मासा गरवायचाय, नक्की कुठे आणि कधी?

मंडळी, अटलांटाच्या आसपास कोणी गरवणारे असाल तर जरा मदत करा, माझं डोकं चालेनासं झालंय.

मी मूळचा अलिबागकडचा, सहा वर्षं मिनेसोटात होतो, गेल्या वर्षी नोकरीमुळे इकडे कमिंगला आलो. तिकडे मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर वॉलआयचं वेड लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोड्या पाण्यातला मासा, डोळे काचेच्या गोटीसारखे, रात्री बॅटरी मारली की चमकतात, आपल्या जिताड्याचे चमकतात ना तसेच. काटे कमी, मांस पांढरंशुभ्र, रव्यात घोळवून तळला की बायकोसुद्धा पापलेटची आठवण काढत नाही (म्हणजे काढते, पण कमी).

तर इथे आल्यावर कळलं की जॉर्जियातही वॉलआय आहे, रबून, ब्लू रिज, कार्टर्स, हार्टवेल, बऱ्याच लेकमध्ये सरकार पिल्लं सोडतं. राज्याचा रेकॉर्डही रबूनचाच, २०१६ चा, १४ पाउंड २ औंस. हे वाचून मी जूनमध्ये तीनदा रबूनला गेलो. एकदा भाड्याची पाँटून बोट घेऊन, दोनदा दोस्ताच्या बोटीतून. मिनेसोटाचाच सगळा सरंजाम, स्लिप बॉबर (दोरीवर सरकणारा तरंगा), जळवा, छोटे जिग (शिशाचं डोकं असलेले गळ), आणि तिकडच्यासारखंच तळाला धरून गरवत बसलो. मिळालं काय तर स्पॉटेड बास, यलो पर्च आणि एक कॅटफिश. शिवाय पाण्याखाली झाडं उभी आहेत त्यात गळ अडकून अडकून अर्धी पेटी रिकामी झाली, शेवटी तंगूस (गळाची दोरी) हातानेच तोडत होतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा, त्यात मोठा मासा कमानीसारखा दिसतो) खाली ७० फूट पाणी आणि मधेच ३० फुटांवर ढगासारखा एक थवा आणि त्याच्याखाली चार-पाच मोठ्या कमानी दिसत होत्या, मी म्हटलं वॉलआय तर तळाचा मासा, हे दुसरंच काहीतरी असेल, आणि बोट पुढे घेतली. चुकलो का?

प्रश्न असे की उन्हाळ्यात तो इथे मिळतो का, आणि बोट नसेल तर काठावरून काही जमतं का, कारण रबूनच्या काठाला बघावं तिथे बंगले आणि खाजगी धक्के. यूट्यूबवर सगळे उत्तरेकडचेच व्हिडिओ, त्यांचा काही उपयोग नाही.

प्रतिसाद १:
चुकलात हो! त्या कमानी वॉलआयच्याच होत्या असं छातीठोक नाही सांगत, पण गळ तिथेच सोडायला हवा होता. मिल लॅक्स सगळ्यात खोल जागी ४० फुटांच्या आसपास, उथळ ताट आहे ते. इथली लेक म्हणजे डोंगरातल्या नद्यांवर धरणं बांधून अडवलेलं पाणी, कार्टर्स तर ४०० फुटांच्या वर खोल. आणि इथलं त्याचं खाणं म्हणजे ब्लूबॅक हेरिंग, छोटी चंदेरी मासळी, ती तळाला बसत नाही, मधल्या पाण्यात थव्याने फिरते, उन्हात थंड पाणी शोधत खाली जाते आणि वॉलआय तिच्यामागे. म्हणजे आधी हेरिंग शोधायची. उन्हाळ्यात अंधार पडल्यावर जा, दिवसा त्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. जिवंत छोटी हेरिंग नाहीतर जाडजूड गांडूळ, आणि शिसं जरा जड ठेवा. थवा ३० फुटांवर असेल तर आमिष २८ वर, कारण हा वर बघून खातो.

पण खरं सांगू का, उन्हाळा सोडा, मार्चमध्ये जा. पाणी ५० फॅरनहाइटच्या आसपास आलं की अंडी घालायला हे वरच्या प्रवाहात चढतात. रबूनमध्ये त्याच्या वरच्या सीड लेकच्या धरणाखाली, कार्टर्समध्ये कूसावॅटी नदीच्या तोंडाशी. मी दरवर्षी जाते, संध्याकाळी सहाला पोचते आणि बोटं बधिर होईपर्यंत थांबते. पांढरा जिग, त्यावर गांडूळ, प्रवाहात सोडून हळूहळू ओढायचा. काठावरून मिळायची खरी संधी तेव्हाच. आणि खायला न्यायचा असेल तर लिमिटमध्ये राहून बिनधास्त न्या, इथली बरीचशी वस्ती सोडलेल्या पिल्लांवरच टिकून आहे.

प्रतिसाद २:
टेनेसीला या की राव. नॉरिस लेकमधून क्लिंच आणि पॉवेल नदीत चढणारा वॉलआय बघाल तर रबून विसराल. इथल्याच ओल्ड हिकरी लेकमधून १९६० साली २५ पाउंडाचा काढलाय एकाने, त्या वजनावर अजून भांडतात लोक ते सोडा.

धागाकर्ता:
ताई, धन्यवाद. ‘वर बघून खातो’ हे वाचून कपाळावर हात मारला, मी तीनही वेळा त्याच्या पोटाखाली आमिष लटकवून बसलो होतो. मार्चचा दुसरा शनिवार ठरवलाय, सीडच्या धरणाखाली. पण धरणातून पाणी सोडतात तेव्हा काठ किती बुडतो? रबराचे लांब बूट पुरतील की छातीपर्यंतचे वेडर्स घेऊ? आणि टेनेसीवाले भाऊ, नॉरिसला काठावरून जमतं का तेही सांगा.