मदत हवी आहे: कॅनबेरातला माउंट एन्सली, सासूबाईंचा गुडघा आणि उतरायची वाट

नमस्कार मंडळी. कॅनबेरात राहणाऱ्यांनी, किंवा आई-वडिलांना इथल्या डोंगरावर घेऊन गेलेल्या कोणीही, जरा मार्ग दाखवा.

माझे सासू-सासरे सप्टेंबरच्या मध्यात पुण्याहून येतायत. सासूबाई पासष्टीच्या आहेत. वेताळ टेकडी हा त्यांचा रोजचा रतीब, पाऊस असेल तरच खंड. मागच्या खेपेला ते इथे आले तेव्हा ऐन जुलै, म्हणजे इथला हिवाळा होता. सकाळी पारा शून्याखाली, गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, आणि त्या बिचाऱ्या दिवसभर खिडकीतून समोरचा डोंगर बघत बसायच्या. परवा फोनवर म्हणाल्या, "या वेळी मला तुमच्या टेकडीवर पायी ने गं, गाडीतून नको." त्या कधी काही मागत नाहीत. त्यामुळे हे नीट जमवायचंच असं मी ठरवलंय.

सासऱ्यांना मधुमेह आहे आणि चढावर धाप लागते, त्यामुळे त्यांना पायी नेणं शक्य नाही. पण माउंट एन्सलीच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो, म्हणूनच हा डोंगर निवडला. नवरा त्यांना गाडीने वर आणेल, आम्ही दोघी पायथ्याच्या वॉर मेमोरियलच्या (युद्धस्मारकाच्या) मागून चढू आणि वर सगळे भेटू. सासऱ्यांची अख्खी नोकरी बांधकाम खात्यात गेली, घरी अजून जुने नकाशे गुंडाळून ठेवलेत. हे शहर आधी कागदावर कसं आखलं गेलं ते त्यांना या माथ्यावरून दाखवायचंय. १९१२ साली वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. त्यातली चित्रं त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन यांनी काढली होती आणि सगळ्यात गाजलेलं चित्र एन्सलीच्या माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याचं आहे. आजही तिथे उभं राहिलं की पायाशी वॉर मेमोरियलचा घुमट, त्यातून सरळ निघालेला अँझॅक परेड या रस्त्याचा लालसर पट्टा, मग तळं, पलीकडे जुनी पांढरी संसद आणि तिच्या मागे नव्या संसदेचा ८१ मीटर उंच ध्वजस्तंभ, सगळं एका रेषेत दिसतं. सासरे तिथून लवकर हलणार नाहीत, हे मला आत्ताच माहीत आहे.

आता अडचण. सासूबाईंचा उजवा गुडघा चढताना कुरकुर करत नाही, उतरताना करतो. माथा ८४३ मीटरवर आहे आणि मेमोरियलपासून चढाई सव्वादोनशे-अडीचशे मीटरची, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेच्या निम्म्याहूनही कमी. दम त्यांचा माझ्यापेक्षा चांगला आहे, त्याची काळजी नाही. पण त्यांना आल्या वाटेने परतायचं नाहीये, टेकडीला पूर्ण फेरी मारायची आहे. नकाशात दिसतंय की माथ्यावरून उत्तरेकडे हॅकेट उपनगराच्या अंगाला उतरता येतं आणि मग पायथ्याच्या फायर ट्रेलने (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या कच्च्या रस्त्याने), एन्सली उपनगराच्या घरांमागून, परत मेमोरियलला पोचता येतं. सगळी फेरी आठेक किलोमीटर भरते.

उत्तरेची उतरण किती घसरडी आहे? का हीच फेरी उलटी करावी? ऑक्टोबरात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात आणि सापही बाहेर पडतात, तर त्या दिवसांत ज्येष्ठ माणसाला नेणं शहाणपणाचं आहे का? पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय काय? "नका नेऊ" असं उत्तर असेल तरी चालेल, पण कारण सांगा.

प्रतिसाद, कॅनबेराहून

जरूर न्या. उलटी फेरी मात्र करू नका. मेमोरियलकडची वाट बरीचशी बांधीव आहे, पण शेवटच्या टप्प्यात चढ एकदम अंगावर येतो आणि पायऱ्या लागतात. गुडघ्याला त्रास पायऱ्या उतरताना होतो, चढताना तेवढा नाही. तेव्हा तो टप्पा चढण्यातच संपवा.

उत्तरेची वाट मोकळ्या मातीची. खडे सुटे असतात आणि उतारावर पाय पुढे सरकतो. वेताळ टेकडीचा मुरूम डोळ्यांसमोर आणा, तसंच. सासूबाईंना हे नवीन नसेल, पण हातात दोन पोल (चालायच्या काठ्या) हवेतच. पायथ्याला पोचलं की बाकीची वाट रुंद आणि सोपी आहे, गप्पा मारत चालता येते. कॅनबेरा सेंटेनरी ट्रेल याच डोंगरावरून पुढे माउंट मजुराकडे जाते, तिच्या खुणा दिसतील. त्या खुणांमागे चालत राहिलात तर मजुराला पोचाल, म्हणून खाली आल्यावर डावीकडे वळायचं लक्षात ठेवा.

चढताना घाई करू नका. मेमोरियलच्या मागे झाडीत एका खडकावर छोटीशी पाटी आहे, सैन्यात सेवा केलेल्या आदिवासी लोकांच्या स्मरणार्थ. बरेच जण न बघता पुढे जातात. आणि वाटेभर १९४२ च्या, दुसऱ्या महायुद्धातल्या न्यू गिनीच्या कोकोडा मोहिमेच्या पाट्या आहेत. त्या वाचायला थांबलं की आपोआप विश्रांती होते, आणि आपण दमलो म्हणून थांबलो असं ज्येष्ठांना वाटत नाही.

प्रतिसाद, मेलबर्नहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता गुडघ्याबद्दल ठाम काही सांगणार नाही, पुण्यातून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. उतरताना पोल नेहमीपेक्षा थोडे लांब करायचे आणि पाऊल टाकायच्या आधी पुढे टेकवायचे. पावलं आखूड ठेवायची. नवे बूट इथे येऊन घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि घराजवळ वापरून मऊ होऊ द्या.

दुसरं, गाडी वर येणारच आहे ना? मग उतरायचं की नाही हे माथ्यावर ठरवा. आधीच घरी "पूर्ण फेरी करायचीच" असं बोलून ठेवू नका, नाहीतर दुखत असलं तरी त्या सांगणार नाहीत. माझ्या आईचा अनुभव आहे.

प्रतिसाद, कॅनबेराहून

मॅगपायचं सांगते. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर घरट्यात अंडी-पिल्लं असतात आणि राखण करणारा नर डोक्यामागून येतो. सायकलवाल्यांवर त्याचा राग जास्त. रुंद काठाची टोपी आणि गॉगल घालायचा, धावायचं नाही, हात झटकायचे नाहीत, त्याच्याकडे बघत शांतपणे पुढे जायचं. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, कारण अचानक दचकून सुट्या खड्यांवर पाय घसरणं हा खरा धोका आहे, चोच नव्हे.

साप म्हणाल तर ईस्टर्न ब्राउन, जातीने अत्यंत विषारी. फार क्वचित दिसतो, दिसला तर थांबा आणि जाऊ द्या. रुंद वाट सोडून गवतात शिरायचं नाही, पूर्ण पँट आणि बंद बूट. पिशवीत रुंद क्रेप बँडेज ठेवा. चावलाच तर जखम धुवायची नाही, पूर्ण हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, माणसाला अजिबात हलू द्यायचं नाही आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन. आपल्याकडची दोरी बांधायची पद्धत इथे वापरू नका.

कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला पायथ्याच्या गवतात भरपूर दिसतील. फोटो लांबूनच काढा, खाऊ घालू नका.

स्वच्छतागृह मेमोरियलमध्ये आहे, तिथे जाऊनच चढायला लागा. पाणी घरूनच न्या.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पायऱ्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मेमोरियलकडून चढायचं, वर सासऱ्यांबरोबर डबा खायचा आणि तिथे सासूबाईंच्या मनाने ठरवायचं, असं नक्की केलंय. नवऱ्यालाही बजावलंय की आम्ही उतरायला लागलो तरी खालून फोन येईपर्यंत त्याने माथ्यावरच थांबायचं.

शेवटचं एक. वेळ कोणती धरू? ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, त्यानंतरचा शनिवार मनात आहे.

प्रतिसाद, कॅनबेराहून

सकाळी दहाला मेमोरियल उघडलं की चढायला लागा. ऑक्टोबरात पहाटे अजून बोचरी थंडी असते आणि वर वाराही असतो, तेव्हा डब्याबरोबर सासऱ्यांसाठी स्वेटर आणि कानटोपी गाडीत ठेवा, त्यांना वर बराच वेळ थांबावं लागेल. आदल्या रात्री हवामान बघा. पाऊस झाला असेल तर उत्तरेची उतरण त्या दिवशी सोडा आणि गाडीने खाली येऊन फक्त पायथ्याच्या वाटेवर चाला. माझ्याकडे पोलची एक जोडी नुसती पडून आहे. व्यक्तिगत निरोप पाठवा, आणून देईन.