कौलारू घर, मागे गोठा, आणि माश्या: जाळी कुठे, कशी, कोणती बसवावी?

पडवीकर

राजापूर तालुक्यातलं जुनं कौलारू घर आहे, समुद्रापासून ८ किलोमीटरवर. आंबे-फणस सुरू झाले की माश्या वाढतात आणि पहिला पाऊस पडला की जेवताना एक हात ताटावर फिरवत राहावा लागतो.

स्वयंपाकघराला दोन दारं: एक मागच्या पडवीत उघडतं, दुसरं माजघरात. मागचं दार आत उघडतं, बाहेरून कडी-कोयंडा. खिडक्या तीन, ३ फूट बाय ४ फूट, सागवानी चौकट, चौकटीच्या मध्यावर लोखंडी गज, झडपा आत उघडतात. भिंतीच्या माथ्यापासून कौलांपर्यंत वाशांमध्ये वीतभर मोकळं. गोठा मागे ४० फुटांवर, दोन गाई. माकडांचा त्रास आहे. स्वयंपाक गॅसवर, पण पाणी तापवायची चूल आतच.

अॅल्युमिनियमवाला म्हणतो चौकटी काढून सरकत्या खिडक्या करा. चौकटी काढायच्या नाहीत. वेल्क्रोची जाळी चालेल का? पाऊस लागायला सहा आठवडे आहेत, आधी काय हातात घेऊ?

---

रंधा

आधी मागचं दार. खिडकीतून येणारी माशी वाट चुकून येते, दारातून येणारी वासावर येते आणि दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. तिन्ही खिडक्यांना जाळी लावून दार तसंच ठेवलं तर आत आलेल्या माशीला बाहेर जायची वाटही उरत नाही, आणि मग जाळी लावूनही माश्या वाढल्या असं वाटतं.

जाळीचं दार बाहेर उघडणारंच करा. स्वयंपाक चालू असला की माश्या बाहेरून जाळीवर बसून राहतात. दार आत उघडलं तर त्यांना सोबत घेऊनच येतं, बाहेर ढकललं तर त्या उडून मागे जातात. तुमची मूळ फळी आत उघडते, म्हणजे बाहेरची बाजू मोकळीच आहे.

कडी-कोयंडा आणि त्यावरचं कुलूप चौकटीच्या किती बाहेर येतं ते मोजा, बहुतेक अडीच ते तीन इंच निघेल. तेवढी जागा नसेल तर चौकटीच्या बाहेरच्या तोंडावर चारी बाजूंनी २ इंची सागवानी पट्टी ठोकून बिजागऱ्या तिच्यावर घ्या. हे आधी पाहिलं नाही तर दार बसल्यावर कडीला अडतं, आणि मग सुतार कडीपुरती जाळी कापून भोक पाडतो. ते भोक कायमचं.

जुनी चौकट काटकोनात असेल हे गृहीत धरू नका. रुंदी वर, मधे, खाली. उंची डावीकडे, मधे, उजवीकडे. आणि दोन्ही कर्ण. कर्णांत दोन सुतांपेक्षा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असेल तर दार चौकटीच्या आत बसवायचा हट्ट सोडा, बाहेरून अंगावर बसणारं करा, चारी बाजूंनी पाऊण ते एक इंच चढलेलं. उंबऱ्याचंही तेच. जुना उंबरा मधे झिजलेला असतो, सरळ दाराखाली अर्धा इंच फट राहते आणि माशीला एक सूत पुरतं. पडवीची जमीन उंबऱ्यापेक्षा खाली असेल तर दार उंबऱ्याच्या बाहेरच्या तोंडावर इंचभर उतरवा. मग झीज कितीही असो.

दाराच्या उभ्या पट्ट्या ३ इंच रुंद, सव्वा इंच जाड. साडेतीन फुटांवर आडवी पट्टी, कारण माणूस दार तिथेच ढकलतो. खालचे दीड फूट जाळी नको, १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय घाला: पाय, बादली, कुत्रं सगळं तिथेच लागतं. लाकूड साग. आंब्याची फळी घेऊ नका, भुंगा लागतो आणि पावसात फुगते. बिजागरीच्या बाजूला एक सूत जागा सोडा, ती वरच्या पट्टीने झाकली जाते. स्प्रिंगच्या बिजागऱ्या दोन, ४ इंची, आणि मधे एक साधी. आपोआप न मिटणारं जाळीचं दार आठवडाभरात उघडंच राहायला लागतं.

जाळी ताणताना: चारी बाजूंनी २ इंच जास्त कापा. पहिली पिन वरच्या पट्टीच्या मध्यावर, दुसरी खाली मध्यावर, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडे, दर २ इंचांवर. कोपऱ्यातून सुरुवात केली तर तिरकी सळ पडते आणि ती नंतर निघत नाही. फार ओढूही नका. हलक्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तर उभ्या पट्ट्या मधे आत वाकतात, दाराला कंबर येते आणि बरोबर मध्यावर फट पडते. पिना स्टेनलेसच्या घ्या. साध्या एका पावसाळ्यात गंजतात. वरून अर्धा इंची बीडिंग (लाकडाची बारीक पट्टी) चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोका, पिनांच्या भरवशावर जाळी सोडू नका.

---

मिठाचा वारा

खिडक्यांबद्दल. तुमच्या झडपा आत उघडतात म्हणून जाळी गजांच्या बाहेर जाणार. दीड इंच बाय पाऊण इंच पट्टीची फ्रेम करून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला चार लाकडी फिरक्यांनी धरा. वर्षातून चार वेळा काढून धुता यायला हवी, खिळ्यांनी ठोकू नका. ४ फूट उंचीला मधे एक आडवी पट्टी द्या. तीन खिडक्यांच्या फ्रेमा दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींत बसत नाहीत, पाठीमागे खुणा करून ठेवा.

आता जाळी. घरमाशी ६ ते ७ मिलिमीटर लांब असते, तिला अडवायला अगदी बारीक जाळी लागत नाही. पण डासही अडवायचे असतील तर १८ बाय १६ घ्या, म्हणजे एका इंचात एका दिशेला १८ आणि दुसऱ्या दिशेला १६ धागे. धागा ०.२८ मिलिमीटरचा धरला तर भोक साधारण १.१ बाय १.३ मिलिमीटर पडतं आणि उघडी जागा दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते. यापेक्षा बारीक घेतली की वारा कमी होतो आणि धूळ-तेलाने ती लवकर बुजते.

माकडं असतील तर बाहेरून फायबरग्लासची जाळी टिकणार नाही, नखाने उसवते, उंदीरही कुरतडतो. बाहेरच्या बाजूला स्टेनलेसच. तुमच्याकडे खारा वारा पोचतो, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवर दोन-तीन वर्षांत तांबूस ठिपके येतात. जाळी तरी चालते, पण जमत असेल तर ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाला जास्त टिकते. जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी जाळी कोकणात घेऊच नका. चुलीजवळच्या खिडकीलाही स्टेनलेस: फायबरवर पीव्हीसीचा थर असतो, तो उष्णतेने मऊ पडतो, आणि नायलॉन तर ठिणगीने वितळतं.

रोल ३ फुटी आणि ४ फुटी मिळतात. ३ फुटी खिडकीला ३ फुटी रोल घेतला तर कडेला धरायला काही उरत नाही. ४ फुटीच घ्या, उरलेली चिंधोटी वाशांमधल्या फटींना लागेल.

वेल्क्रो वाईट नाही, पण माजघराकडच्या, पाऊस न लागणाऱ्या खिडकीलाच लावा. चकचकीत ऑइलपेंट असेल तर आधी पॉलिश पेपर हलका फिरवा, थिनरने पुसा, पट्टी चिकटवून २४ तास जाळी टांगू नका. चुन्याच्या भिंतीवर गोंद धरतच नाही, थरासकट सुटून येतो. तिथे दर ६ इंचांवर बारीक चूक मारा. आणि हे काम कोरड्या हवेत उरका.

---

पडवीकर

दोघांचेही आभार. कर्ण मोजले: मागच्या दारात तीन सुतांचा फरक आहे, म्हणजे अंगावर बसणारंच दार. माजघराच्या दाराला चुंबकाचा पडदा चालेल का? आणि वाशांमधली फट सिमेंटने बुजवू का?

---

वळचण

सिमेंट नको. चूल आत आहे, धूर आणि वाफ तिथूनच जाते. बुजवलीत तर वासे काळे पडतील आणि पावसात बुरशी येईल. जाळीचे तुकडे लावा. वासे सारख्या अंतरावर नसतात, म्हणून प्रत्येक फटीचा पुठ्ठ्यावर साचा कापा, साच्यावर आणि फटीवर एकच आकडा टाका. तुकडा साच्यापेक्षा सगळीकडून एक इंच मोठा, कडा दुमडून वाशाला पट्टीखाली, खाली भिंतीच्या माथ्यावर चुन्यात दाबून. इथेही स्टेनलेस, उंदीर ह्याच वाटेने फिरतात.

माझं स्पष्ट मत: सगळं घर जाळीत घ्यायच्या मागे लागू नका. कौलारू घर श्वास घेतं, ओटी-माजघर बंद करायला गेलात तर खर्च तिप्पट आणि फटी राहणारच. स्वयंपाकघर एकटं डबीसारखं बंद करा. त्यासाठी माजघराच्या दारालाही जाळीचंच दार लागेल, तेही माजघराकडे उघडणारं.

चुंबकाचा पडदा तात्पुरता ठीक. तो दाराच्या मापाला तंतोतंत ताणून लावतात आणि मग मधली चुंबकं एकमेकांना भेटत नाहीत. रुंदीत दीड-दोन इंच ढील हवी. शिवाय समोरून वारा आला की तो उघडा राहतो, आणि तुमच्या घरात पडवीतून माजघरात वारा सरळ जात असणार.

काम झालं की भर दुपारी झडपा लावून आत अंधार करा. जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण. मोरीचं भोक विसरू नका, त्याला आतून स्टीलची जाळी. एक्झॉस्ट पंख्याला मात्र बारीक जाळी लावू नका, आठ दिवसांत तेलाने बुजते. बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं झाकण लावा.

---

शेणखत

गोठा ४० फुटांवर आहे हे वाचून लिहितोय. घरमाशी एका वेळी १०० ते १५० अंडी घालते, तीही ताज्या, ओल्या शेणात किंवा सडत्या फळांत. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे उकिरड्यातली साखळी आठवड्याच्या आत तोडली तरच जाळीवरचा भार कमी होतो. गोठ्यातलं शेण रोज काढा. उकिरडा लांब नेऊन भागत नाही, माशी सहज किलोमीटरभर उडते. ढीग जाड प्लास्टिकने झाका आणि कडा मातीने किंवा दगडांनी पूर्ण दाबा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. कडा मोकळ्या राहिल्या तर अळ्या तिथल्याच कोरड्या भागात येऊन कोष करतात. गोबर गॅस असेल तर ताजं शेण थेट त्यात.

झाडाखाली पडलेले आंबे आणि फणसाचे चारखंड रोज उचलून दीड-दोन फूट खोल पुरा. आंब्यातल्या अळ्या वेगळ्या, त्या फळमाशीच्या, झाडावरच फळात अंडी घातलेली असतात. तिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात. ते घराजवळ टांगून घरमाशी कमी होणार नाही, त्या वासाला फळमाशीचे नरच येतात.

राहिली चिलटं. ती १८ बाय १६ मधूनही अंग चोरून येतात आणि बहुतेक वेळा आत पिकणाऱ्या फळांवरच वाढतात. अढी स्वयंपाकघरात घालू नका. माजघरात घातली तरी वरून जुनं धोतर दुपदरी पांघरा, कडा पेंढ्याखाली खोचा, आणि रोज हात घालून नासका आंबा काढा.

---

रंधा

पडवीकर, तीन सूत फरक असेल तर वरची पट्टी एका बाजूला कमी चढेल. दार करायला टाकण्याआधी चौकटीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवून बाहेरच्या कडेची रेघ मारा आणि तोच कागद सुताराला द्या, नुसती मापं देऊ नका. बिजागरीची बाजू कोणती तेही कागदावर लिहा. कडी ज्या बाजूला आहे तिच्या उलट.