फ्रीजरमधलं मटण-चिकन कसं सोडवता? वेळ-वजनासकट लिहा

रविवारी मटण आणायचं, निम्मं शिजवायचं, निम्मं फ्रीजरात टाकायचं, ही आता घराघरातली रीत. टाकताना फारसं कुणी चुकत नाही, चुकतं ते काढताना. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापतं आणि पावसात करंट जातो, म्हणून इथं चालणारी पद्धत लिहा. "आमच्यात असंच करतात, काही होत नाही" एवढ्यावर थांबू नका, का तेही सांगा.

शहापूर, बेळगाव

आधी स्वयंपाकाच्या कट्ट्यावर सोडवणं का नको ते सांगते. किलोभराचा गोळा बाहेर ठेवला की कडा तासाभरात मऊ पडतात, मधला भाग तसाच दगड राहतो. तो सुटेपर्यंत वरचा थर चार-पाच तास खोलीच्या उष्णतेत बसतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात आणि ऊब मिळाली तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. फ्रीजरात ते मरत नाहीत, नुसते थांबतात. "शिजवतोच की नंतर" हेही पुरत नाही. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी मांसात एकदा विष सोडलं की ते उकळूनही जात नाही.

म्हणून आदल्या दिवशी फ्रीजरातून काढून फ्रीजमध्येच खाली ठेवायचं. अर्धा किलो तुकडे रात्रभरात सुटतात, किलोला पुरे २४ तास धरा, अख्ख्या कोंबडीला एक ते दोन दिवस. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या लगेच खाली जो ट्रे असतो, त्यात ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच मिळतो. जागा हवी सगळ्यात खालच्या फळीवर, आणि पिशवी खोलगट स्टीलच्या डब्यात. पसरट ताटलीतून सुटलेलं गुलाबी पाणी भाजीच्या खणात उतरतं, आणि खाली कोशिंबिरीची काकडी असते. ती कोण शिजवणार?

फ्रीजचा गारव्याचा काटा उन्हाळ्यात वाढवा. आत ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून रात्रभर आत ठेवला की खरं कळतं.

निपाणी

वरच्या ताईंनी लिहिलं त्याला वारांचा हिशोब जोडतो. ज्या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात तिथं घोळ इथंच होतो. मंगळवारी रात्री चिकन खाली काढलं, बुधवारी पाहुण्यांकडं जेवण झालं, गुरुवार पाळायचा. फ्रीजमध्ये सुटलेलं चिकन किंवा खिमा एक-दोन दिवसांतच शिजवायला हवा, म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत. मटणाचे तुकडे तीन दिवस सहज राहतात. बेत मोडणार असं बुधवारीच दिसलं तर परत फ्रीजरात टाका. फ्रीजमध्ये सुटलेलं मांस पुन्हा गोठवता येतं, फक्त पाणी जास्त सुटतं आणि रेषा कोरड्या लागतात. कट्ट्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं मात्र पुन्हा गोठवूही नका, शिजवूही नका. एप्रिल-मेच्या दुपारी तर एकच तास धरा.

चिकोडी

घाई असेल तर गार पाणी. पिशवी गळकी नसावी, एकात एक दोन घालून गाठ मारा, नाहीतर पाणी आत शिरून मांस फिकं होतं. मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवा, वर ताटली आणि तिच्यावर खलबत्ता ठेवा, म्हणजे पिशवी तरंगत नाही. दर अर्ध्या तासाला पाणी बदला. अर्धा किलोला तासभर, दीड-दोन किलोला दोन-तीन तास. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच कोमट येतं, ते चालत नाही. माठातलं घ्या किंवा त्यात बर्फाचे खडे टाका. गरम पाणी तर नकोच, कडा शिजायला लागतात आणि मधला भाग बर्फच राहतो. असं सोडवलेलं लगेच शिजवायचं, परत फ्रीजरात नाही.

संकेश्वर

निम्मं काम गोठवतानाच करा. पिशवीत मटण गोळा करून टाकू नका, हातानं थापून दोन सेंटीमीटर जाडीची वडी करा, अर्ध्या किलोची एक. गोळ्याच्या कितीतरी आधी ती सुटते. वर तारीख लिहा.

आणखी एक. बर्फाचा गोळा थेट कुकरात घालून नेहमीच्याच शिट्ट्या मोजू नका, मधला भाग कच्चा राहतो. हळद-मीठ घालून पातेल्यात उकळत्या पाण्यात आधी तुकडे सुटे होऊ द्या, मगच झाकण लावा. गोठलेलं शिजायला साधारण दीडपट वेळ लागतो.

टिळकवाडी, बेळगाव

मासळीबद्दल कुणी लिहिलं नाही. कारवार-गोव्याकडून आलेला बांगडा गोठवला असेल तर तो फ्रीजमध्येच सोडवा. बांगडा, तारली, कुपा उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. ते तळून, उकळून जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, आणि आपण समजतो मसाला बाधला. हवा काढून सील केलेलं पाकीट असेल तर फ्रीजमध्ये ठेवण्याआधी कोपरा कापा. हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू फ्रीजच्या गारव्यातही वाढू शकतात.

निपाणी

मायक्रोवेव्हचं एका ओळीत: डीफ्रॉस्टवर दर दोन मिनिटांनी उलटवा, सुटलेले तुकडे बाजूला काढा, लगेच फोडणीला टाका.

खानापूर

आमच्याकडं पावसाळ्यात करंट जातो तो कधी कधी दुसऱ्या दिवशी येतो. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर ४८ तास गोठलेलं राहतं, अर्धा भरलेला असेल तर २४. खालचा फ्रीज चारच तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, काठोकाठ न भरता.

गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी जाऊन परत गोठलेलं दिसलं तर मांस वितळून पुन्हा गोठलंय. वास चांगला आला तरी टाकून द्या, वासावर जाऊ नका. नाणं मधेच अडकलं असेल तरीही आम्ही टाकतोच.