सद्भावना मेळावा की शनिवारचं टेबल? सर्वधर्मीय संस्थेनं पैसा कुठं लावावा

गड्डीगोदामकर
नागपुरात आमच्या भागात एक छोटी सर्वधर्मीय संस्था आहे. नाव मुद्दाम देत नाही, भांडण संस्थेशी नाही. चर्चचे दोघं, मशिदीच्या कमिटीतले एक चाचा, विहारातली एक ताई, गुरुद्वाऱ्यातले सरदारजी, देवळाच्या ट्रस्टचे एक काका आणि कुठंच न जाणारा मी. दर शनिवारी कडुनिंबाखाली प्लॅस्टिकचं टेबल टाकतो. रेशनकार्डात नाव चढवणं, निराधारचा अर्ज, जातीचा दाखला, आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशाचा) फॉर्म, अशी कामं.

मागच्या शनिवारी एक आजी आली. रेशनचं ई-केवायसी, म्हणजे मशीनवर बोट लावून ओळख पटवणं, होत नव्हतं. आयुष्य बांधकामावर गेलं, बोटांवर रेषा म्हणून उरल्या नाहीत. तिच्यासोबत दुकानात गेलो. अंगठा, तर्जनी, डावा हात, उजवा हात. दुकानदार म्हणे, "बोट पुसा." तिनं पदराला पुसलं. मग "ओलं करा." ओलं केलं. मशीन लालच. शेवटी मोबाईलसमोर तिचा चेहरा धरला, "डोळे मिचकवा" म्हटलं तर ती दोन्ही डोळे घट्ट मिटून बसली. चौथ्यांदा जमलं. एका कार्डाला पूर्ण दुपार.

त्याच संध्याकाळी बैठक झाली. वर्गणीतून जमलेला पैसा सद्भावना मेळाव्याला लावायचा ठरतंय. मंडप, साउंड, पाच धर्मगुरू, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन. मी म्हटलं, याच पैशात वर्षभराच्या झेरॉक्स निघतात आणि एखाद्या पोराला टेबलावर बसायचं मानधन देता येतं. चाचा चिडले, फादरही. "प्रेमाचा संदेश द्यायला तुझा विरोध का?"

विरोध प्रेमाला नाही. स्टेजवर सगळ्यांचं एकमत होतं ते अशाच गोष्टींवर, ज्यानं कोणाचंच काही जात नाही. सामाजिक न्याय म्हटलं की स्टेजवरच्या कोणालातरी अवघड वाटलंच पाहिजे. साधं उदाहरण घ्या. आरटीई कायद्यात खाजगी शाळांना पहिल्या वर्गात 25 टक्के जागा गरीब-वंचित मुलांना द्याव्या लागतात. 2014 ला सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक शाळांना यातून बाहेर ठेवलं. आमच्या मान्यवरांपैकी दोघांच्या अशा शाळा आहेत. कायद्यानं सक्ती नाही, कबूल. पण मनाई तरी कुठं आहे? बैठकीत हे विचारलं तर चहा आला.

तुम्हाला काय वाटतं? मेळावा की टेबल?

तर्रीपोहा
टेबल. मेळाव्यात जेवण असंन तं मेळावा.

इतवारीचा म्हातारा
गड्डीगोदामकर, तुम्ही पोरकट बोलून राहिले. मी असे पन्नास मेळावे पाहिले. भाषणं मलाही झोप आणतात. पण 17 मार्च 2025 ची रात्र आठवा. महाल भागात दगडफेक, जाळपोळ, आणि मग तहसील, गणेशपेठ, लकडगंज, पाचपावली अशा कितीतरी ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. घरात बायकोचं इन्सुलिन संपलेलं. पोरगा पुण्याला. मी कोणाला फोन केला असंन? मोमीनपुऱ्यातल्या एका मेडिकलवाल्याला. त्याचा नंबर माझ्याकडे आला तो ईद मिलनमधून. त्यानं पोलिसाला माझं प्रिस्क्रिप्शन मोबाईलवर दाखवलं आणि बर्फाच्या थैलीत इन्सुलिन बॅरिकेडपर्यंत आणून दिलं. तुमच्या टेबलावर अर्ज भरून हे झालं असतं का?

आणि हे नागपूरला नवीन नाही. सूफी संत ताजुद्दीन बाबांना 1908 ला पागलखान्यातून सोडवून घरी नेणारे रघुजीराजे भोसले होते. राजा हिंदू, बाबा मुसलमान. आजही ताजबागला बाबांच्या दर्ग्यावर उर्साला कोण कोण असते ते जाऊन पाहा.

उत्तर नागपूर
म्हातारबा, ताजबागला मीही जातो. माझी आई नवस बोलते तिथं. पण ती भक्ती झाली, हक्क नव्हे. दर्ग्यावर सगळे सारखे, आणि बाहेर निघाल्यावर गटारात उतरणारा कोण हे ठरलेलंच. 2013 चा कायदा म्हणते सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायचं नाही. सुप्रीम कोर्टानं 2023 ला मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. म्हणजे माणसं उतरून राहिली, मरून राहिली, हे कोर्टालाही ठाऊक आहे. कोणत्या मेळाव्यात पाचही धर्मगुरूंनी यावर एक वाक्य उच्चारलं ते सांगा.

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी याच शहरात काय केलं? सर्वधर्म परिषद भरवली का? सगळे धर्म चांगलेच आहेत असं म्हणून गप्प बसले असते तर दीक्षाभूमी झाली नसती. सर्वधर्मसमभाव म्हणजे कित्येकदा "तुझ्या घरातली जात तू झाक, माझ्या घरातली मी झाकतो" एवढंच असते.

गड्डीगोदामकरांनाही एक प्रश्न. तुमच्या टेबलावर जातीचा दाखला मागायला दलित ख्रिश्चन आला तर काय सांगता? राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदूच. 1956 ला शीख आले, बौद्ध थेट 1990 ला. महाराष्ट्रानं बौद्धांना राज्यापुरतं आधी दिलं म्हणून आपलं थोडं निभावलं, केंद्राच्या नोकरीला मात्र आमच्या बापाची पिढी मुकली. ख्रिश्चन आणि मुसलमान आजही बाहेर. सर्वधर्मीय संस्थेचा पहिला मुद्दा हाच हवा. आहे का अजेंड्यावर?

चष्मेवाली बाई
मी एका अल्पसंख्याक शाळेत शिकवते, म्हणून आरटीईबद्दल लिहिते. "मायनॉरिटी शाळा" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठं फाटक आणि टाय घातलेली मुलं येतात. माझ्या वर्गात हातमागवाल्यांची, रिक्षावाल्यांची मुलं आहेत. निम्म्यांची फी एप्रिलमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालते. अशा शाळेला 25 टक्क्यांचा हिशेब काय सांगता? जिथं खरंच ऐपत आहे तिथं विचारा, जरूर विचारा, पण चहा येण्यापूर्वी विचारा.

शिवाय सूट काय अल्पसंख्याकांनीच घेतली का? 2024 ला राज्य सरकारनंच नियम बदलला होता. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईची मुलं घ्यायची गरज नाही. नागपुरात असं अंतर किती शाळांना लागू झालं असतं विचार करा. हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. तेव्हा शहरातला एकही मान्यवर रस्त्यावर दिसला नाही, कोणत्याच धर्माचा. फॉर्म घेऊन रडणाऱ्या आया मात्र दिसल्या.

आणि हो, तुमच्या यादीत ताई एकच. टेबलावर येणाऱ्या बहुतेक बायाच असतील ना?

तर्रीपोहा
बाई, आता हे काऊन काढलं. सगळे खाली पाहून राहिले.

देवळाकडचा
मला या धाग्याचा सूर खटकतो. सगळा दोष धर्मगुरूंचा? आमच्या देवळाची पाणपोई एप्रिलपासून जूनपर्यंत चालते. 45 डिग्रीत तिथं पाणी पिणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. संस्थेला हक्कबिक्क शिकवायचे असतील तर ती आंदोलनाची संघटना म्हणा, सर्वधर्मीय कशाला? उद्या तुम्ही मोर्चे काढाल आणि आमच्या ट्रस्टला नोटीस येईल. लोक धर्माच्या नावावर वर्गणी देतात ते शांतीसाठी.

उत्तर नागपूर
पाणपोईचं पुण्य तुमचंच, भाऊ, त्यात वाद नाही. एवढंच सांगा, रांजण कोणत्या वस्तीतल्या बाया भरतात आणि त्यांना रोजी मिळते का?

देवळाकडचा
विचारून सांगतो.

गड्डीगोदामकर
बरंच झोडपलं, चांगलं झालं.

चष्मेवाली बाई, बरोबर. सगळ्या शाळा मी एकाच मापात मोजल्या. ज्या दोन शाळा माझ्या डोक्यात आहेत त्यांना ऐपत आहे, पण ते वेगळं लिहायला हवं होतं. बायांचंही बरोबर. टेबलाच्या आमच्या बाजूला चार पुरुष आणि पलीकडे रांगेत बाया, हे चित्र दर शनिवारी पाहूनही लक्षात आलं नव्हतं.

उत्तर नागपूर, दलित ख्रिश्चन आले आहेत. दोनदा. दोन्ही वेळा आम्ही "यात बसत नाही" म्हणून परत पाठवलं. फादर समोरच बसले होते, ते काही बोलले नाहीत, मीही नाही. अजेंड्यावर नाही. आणतो.

देवळाकडचे दादा, रेशन मागणं म्हणजे आंदोलन असेल तर ती आजीसुद्धा आंदोलक निघाली. नोटिशीची भीती मात्र खोटी नाही, ती मलाही आहे.

इतवारीचे काका, तुम्हाला एकच विचारतो. इन्सुलिन आणणारा तो मेडिकलवाला ईद मिलनला स्टेजवर होता का?

इतवारीचा म्हातारा
नाही. खुर्च्या उचलत होता. मीही उचलत होतो, तिथंच ओळख झाली. भाषणं कोणाची होती ते दोघांनाही आठवत नाही.

पण बाप्पा, मेळावाच नसता तर खुर्च्या कोणत्या उचलल्या असत्या?

चष्मेवाली बाई
मग स्टेज नको, खुर्च्या ठेवा. मंडप, शाल, साउंड काढून टाका, जेवण ठेवा, आणि स्वयंपाक पुरुषांनी करा. उरलेल्या पैशात टेबलावर एक मुलगी बसवा. माझ्या शाळेतून बारावी झालेल्या दोघी काम शोधत आहेत.

उत्तर नागपूर
जेवणाला येतो. पण 1950 च्या आदेशावर बोलणं झाल्यावर वाढा, आधी नाही. जेवल्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही.

गड्डीगोदामकर
बैठक रविवारी आहे. मांडतो. चाचा मानतील, शाल-श्रीफळाचं फादरना समजवावं लागेल. त्यांनी शाली आधीच पाहून ठेवल्या आहेत, गांधीबागेत.

नवीन आलो
मोठ्यांच्या चर्चेत मधेच विचारतो. आम्ही बौद्ध, वडिलांचा जातीचा दाखला नाही. सेतूत म्हणाले 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा राहण्याचा पुरावा आणा. आजोबा उमरेडकडच्या गावात होते, शाळेत एक वर्षच गेले. काय करू?

गड्डीगोदामकर
एक वर्ष गेले तरी पुरे. त्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असेल, त्याचा उतारा मागा. जातीचा रकाना नीट वाचता येतो का पाहून घ्या. नाहीच सापडलं तर तहसीलमध्ये जुन्या कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मिळते, आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाबहिणीच्या जन्माची नोंद शोधा. भाऊ सापडला तर नातं दाखवणारी वंशावळ जोडावी लागेल. शनिवारी 11 नंतर या. येताना मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा, कडुनिंबावर कावळे आहेत.