मदत हवी आहे: एडीएचडी कशामुळे होतं, हे घरच्यांना कसं पटवू?

मुलगा दुसरीत आहे. बालमनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) असल्याचं सांगितलंय. शाळेला निघताना एक मोजा पायात, दुसरा हातात आणि स्वारी खिडकीत कबुतरं बघत उभी, हे रोजचंच. आता घरात दोष कोणाचा यावर खल चाललाय. सासूबाईंच्या मते मोबाइल आणि गोड खाणं, माझ्या आईच्या मते माझी नोकरी. (नवरा गप्प. त्याच्या शाळेतल्या करामती ऐकल्या तर हाच मुलगा वाटतो!)

डॉक्टर म्हणाले, आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा. जुळ्यांच्या अभ्यासांत तो ७० ते ८० टक्के निघालाय, पण कुठलं एकच जनुक जबाबदार नसतं. शिवाय मुदतीआधी जन्म, जन्मतः कमी वजन, लहानपणी शरीरात शिसं जाणं यानेही धोका वाढतो. आमचा तर आठव्या महिन्यातच झाला. साखरेचा मुद्दा चाचण्यांत टिकलेला नाही, हे सासूबाईंना सांगायची मात्र माझी छाती नाही.

तर विचारायचं हे, की मुलाच्या निदानानंतर स्वतःची किंवा नवऱ्याची तपासणी कुणी करून घेतलीये का? नवऱ्याला तयार कसं केलंत? आम्ही जुन्या वाड्यात राहतो, भिंतींच्या रंगाचे पोपडे निघतात आणि धाकटी ते तोंडात घालते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून शिशासाठी रक्ततपासणी कुणी केली असेल तर अनुभव सांगा. आजी-आजोबांना वाचायला देता येईल असं सोप्या मराठीतलं काही असल्यास तेही सुचवा. ‘मोठा झाला की होईल शांत’ असली उत्तरं कृपया नकोत, ती घरात भरपूर मिळतात.